नौसेनापती जेलिको

पहिल्या महायुद्धात, 31 मे 1916 च्या सायंकाळी, डेन्मार्कच्या जटलंडनजीकच्या समुद्रावर धुके आणि तोफांचा धूर यांनी क्षितिज झाकोळले असता, आणि जर्मन शत्रू नेमका कोठे आहे याची धड वर्दीही हाती आलेली नसता, सहा रांगांनी चाललेल्या आपल्या चोवीस युद्धनौका एका रांगेत कोणत्या बाजूने मांडावयाच्या, हे ज्या पुरुषाला क्षणार्धात ठरवावे लागले, त्या ॲडमिरल जॉन जेलिको यांच्याविषयी आज मी बोलणार आहे.

1872 साली कोवळ्या वयात ते ब्रिटिश आरमारात दाखल झाले. 1893 मध्ये ‘व्हिक्टोरिया’ जहाज बुडाले तेव्हा ते त्यावर तापाने अंथरुणास खिळलेले होते, तरी वाचले. 1900 मध्ये चीनच्या मोहिमेत गोळी फुप्फुसात शिरूनही वाचले. तोफांच्या विद्येत त्यांचा अधिकार मोठा. ऑगस्ट 1914 मध्ये युद्धाच्या तोंडावर वृद्ध सेनापती कॅलॅहन यांना दूर सारून मुख्य आरमार त्यांच्या हवाली करण्याचे ठरले, तेव्हा हा बदल करू नये अशी विनवणी करणाऱ्या तारा त्यांनी नौखात्याकडे एकामागून एक धाडल्या. पदासाठी झुरणाऱ्यांच्या जगात ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

परंतु त्यांच्या स्वभावाची खरी साक्ष 30 ऑक्टोबर 1914 च्या खलित्यात मिळते. शत्रू पाठ फिरवू लागला, तर तो आपणांस सुरुंग आणि पाणबुड्या यांच्या तोंडी नेत आहे असे समजून मी त्याच्या मागे जाणार नाही, असे त्यांनी त्यात वरिष्ठांना निःसंदिग्धपणे कळविले, आणि नौखात्याने त्यास मंजुरी दिली. जटलंडला त्यांनी डावी रांग पुढे घालून जर्मन आरमाराचा मार्ग आडवा छेदला, हे कौशल्य अप्रतिमच. पुढे पाणतीरांचा मारा येताच त्यांनी जहाजांची तोंडे वळविली आणि जर्मन ताफा अंधारात निसटला. इंग्रजांची 14 जहाजे व सहा हजारांवर माणसे गेली, जर्मनांची 11 जहाजे व अडीच हजारांवर. ट्रॅफल्गारसारख्या निर्णायक सागरी विजयाची स्वप्ने पाहणारे लोक संतापले.

दोष नव्हताच असे मी म्हणणार नाही. त्यांचे युद्धविषयक लेखी हुकूम इतके सविस्तर असत, की हाताखालचे अधिकारी स्वतः होऊन काही करण्याचे विसरले; त्या रात्री काही जहाजांना शत्रू दिसूनही त्यांनी सेनापतीस वर्दी दिली नाही. पण आरमार शाबूत राहिले आणि जर्मनीची सागरी नाकेबंदी ढिली पडली नाही.

डिसेंबर 1917 मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, पुढे मिळालेल्या नौखात्याच्या प्रमुखपदावरून त्यांना एका पत्राने दूर करण्यात आले. 1919 मध्ये साम्राज्याच्या नौदलांची पाहणी करण्यासाठी निघाले असता ते मुंबई बंदरातही आले होते. पुढे न्यूझीलंडचे गव्हर्नर-जनरल झाले आणि 1935 मध्ये निवर्तले. जटलंडच्या त्या सायंकाळी ते भ्याले, असा निवाडा देऊ पाहणाऱ्याने आधी दीड वर्षापूर्वीचा तो खलिता वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.