चौथा महिना
(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगांत कुजबुज झाली, ती माझ्या कानावर आली. मास्तरांनी व्याकरण शिकवावे, गरोदरपण कशाला, असे वाटणे साहजिक आहे. मी बी. ए., बी. एड., डॉक्टर नव्हे. परंतु या विषयाच्या अज्ञानाने माझ्याच घरात एक चूक झाली. तेवढी सांगण्याचा अधिकार मला आहे.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. साधारण 13 आठवडे सरले की दुसरी तिमाही लागते. बाळाचे अवयव तोवर घडलेले असतात. आता त्यांची वाढ आणि कामाला सुरुवात. डोक्यापासून माकडहाडापर्यंत बाळ सुमारे 8 सेंटिमीटर असते, 16 व्या आठवड्यापर्यंत 11-12 होते आणि वजन 100 ग्रॅमच्या पुढे जाते. कूर्चेच्या जागी हाड धरू लागते, अंगावर बारीक लव येते, बाळ गर्भजल गिळते आणि लघवीही करते. ते हातपाय हलवत असते, पण आईला ते कळत नाही. पहिलटकरणीला हालचाल बहुधा 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास जाणवते. श्वास आणि अन्न दोन्ही वारेतून मिळते. आईचे व बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही, वारेच्या पातळ पडद्यातून देवाणघेवाण होते. म्हणजे आईच्या रक्तात जे नाही ते बाळाला कोठून मिळणार?

इथेच आमची चूक झाली. माझ्या पत्नीला चौथा लागला, उलट्या थांबल्या, जेवण जाऊ लागले. अम्मी म्हणाल्या, "आता काळजी मिटली." जमिनीवरून उठताना तिला अंधारी येई, "या दिवसांत होतंच," असे आम्हीच तिला सांगत असू. पाचव्या महिन्यात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 8.4 निघाले. नर्सबाईंनी गोळ्यांचे विचारले. घरी तांदळाच्या डब्यामागे लाल गोळ्यांची सगळी पाने जशीच्या तशी सापडली. गोळीने शौचाला काळे होई, बद्धकोष्ठ होई, म्हणून ती घाबरली होती आणि विचारायला संकोचली होती. मी रोज साठ मुलांच्या वह्या तपासतो. घरातल्या माणसाला एक प्रश्न विचारला नाही.

आता हे नीट ऐका. गरोदरपणात आईचे रक्त वाढते, शेवटपर्यंत 40 ते 50 टक्क्यांनी. पण त्यातला पाण्याचा भाग तांबड्या पेशींपेक्षा जलद वाढतो, म्हणून रक्त पातळ होते. रक्तदाबही या दिवसांत थोडा उतरतो, त्याने उठताना भोवळ येते. हे नैसर्गिक असले तरी हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले की तो रक्तक्षयच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील 100 गरोदर स्त्रियांपैकी 52 जणींना तो आढळला. म्हणून चौथ्या महिन्यापासून 180 दिवस रोज एक गोळी देतात. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असते. शौचाचा काळा रंग लोहाचा. त्यात भिण्यासारखे काही नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच. लिंबाच्या सरबताबरोबर चांगली लागू पडते. रक्तस्राव, ताप, लघवीची जळजळ, पोटात कळा, यांपैकी काही दिसले तर मात्र घरगुती उपायात वेळ घालवू नका.

रमजानविषयी विचारणा झाली होती. रोजा ठेवल्याने स्वतःला किंवा बाळाला अपाय होईल अशी भीती असेल, तर गर्भवतीला तो पुढे ढकलण्याची सवलत आहे. रक्त कमी असताना डॉक्टरांना न विचारता हट्ट धरणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना शाबासकी देणाऱ्या सासवाही.

विद्यार्थी मित्रांनो, एक तुमच्यासाठी. आमच्याकडे मुलगी झाली तेव्हा काही नातलगांनी माझ्या पत्नीचे सांत्वन केले. बारावीच्या जीवशास्त्राचे पुस्तक उघडा. आईकडून नेहमी एक्सच येतो. एक्स की वाय हे पित्याकडून येते आणि गर्भ राहतानाच ठरून जाते. चौथ्या महिन्यात सोनोग्राफीने ते पाहू मागणारे लोक कायद्याने गुन्हा करतात. असा कायदा 1988 साली सर्वप्रथम आपल्या महाराष्ट्राने केला. देशाचा 1994 मध्ये झाला.

आमची ती मुलगी आता बालवाडीत जाते. गोळ्या नियमित सुरू केल्यावर हिमोग्लोबिन दहाच्या वर आले आणि बाळंतपण सुखरूप झाले. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या 9 तारखेला चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. ही योजना 2016 पासून आहे. तेथे बायकांबरोबर सासू दिसते, नणंद दिसते, नवरे बाहेर रिक्षात बसलेले असतात. आत जावे, कागद स्वतः वाचावा, समजले नाही तर विचारावे. मी त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. मुख्याध्यापक समोरच बसले आहेत, त्यांनी हसून दिली होती.