भाकरी दयेची नव्हे, हक्काची
(एका बुद्धविहारातील सभेत केलेले भाषण)



आज मी आपणापुढे धम्माविषयी बोलण्यास उभा आहे. परंतु आरंभ मात्र मी भुकेपासून करणार आहे. त्यास आधार खुद्द तथागतांच्या चरित्रात आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीतील एका दरिद्री शेतकऱ्याची कथा येते. भगवंतांचा उपदेश ऐकण्यास तो निघाला, तोच त्याचा बैल हरवला. बैल शोधून आणीपर्यंत बराच दिवस गेला आणि तो उपाशीपोटीच सभेत येऊन पोहोचला. भगवंत त्याच्यासाठीच थांबले होते. तो येताच त्यांनी प्रथम त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि त्याची भूक शमल्यावरच उपदेश केला. काही भिक्षूंना याचे नवल वाटले, तेव्हा भुकेने व्याकूळ झालेल्याच्या मनात धम्म उतरत नाही, हे भगवंतांनी त्यांना समजावून सांगितले. ध्यानात घ्या, त्या शेतकऱ्याला कोणी वेशीबाहेर उकिडवे बसवून तुकडा टाकला नाही. त्याला भर सभेत, मानाने जेवू घातले.

आता आपल्या देशाकडे वळू या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ३५.५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. महाराष्ट्र स्वतःस पुढारलेला म्हणवितो. पण येथेही हे प्रमाण शेकडा ३५.२ निघाले. उंचीच्या मानाने रोडावलेली मुले तर देशात शेकडा १९.३ असता महाराष्ट्रात २५.६ भरली. जातवार पाहिले, तर देशात खुज्या मुलांचे प्रमाण अनुसूचित जमातींत शेकडा सुमारे ४१, अनुसूचित जातींत सुमारे ३९ आणि कोणत्याही मागास प्रवर्गात न मोडणाऱ्या समाजात सुमारे ३० आहे. म्हणजे या देशात भूकही जात विचारूनच घरात शिरते! गर्भधारणेपासून दुसऱ्या वर्षापर्यंतच्या सुमारे हजार दिवसांत जे अन्न मिळाले नाही, त्याची भरपाई पुढे पुरतेपणी होत नाही. शरीर खुंटते, बुद्धीची वाढही मागे पडते. ज्या समाजाला बाबासाहेबांनी प्रथम शिकण्यास सांगितले, त्याच्या मुलाची शिकण्याची शक्तीच पाळण्यात हिरावली जात असेल, तर हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा राहतो काय?

१९९३ साली अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात कोरकू मुलांच्या मृत्यूंनी साऱ्या राज्यात खळबळ उडाली व प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. तेव्हापासून किती मंत्री आले, किती समित्या आल्या, किती संस्था आल्या! या संस्थांविषयी मला न्यायाने बोलावयाचे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्यास शिकविले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटले. २०११ साली केंद्र शासनाने हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू केली. मेळघाटात धारणी येथेही डॉ. आशिष सातव यांच्यासारखे लोक अनेक वर्षे राबत आले आहेत. अशा सेवेपुढे मी नतमस्तक होतो.

पण दुसरीही एक जात आहे. बिस्किटांचे पुडे वाटावयाचे, रडक्या मुलाला कडेवर घेऊन छायाचित्र काढावयाचे आणि संध्याकाळी मोटारीत बसून निघून जावयाचे! याला दान म्हणत नाहीत. धम्मातील दान घेणाऱ्याची मान खाली घालीत नाही. आणि खऱ्या सेवाभावी संस्थेलाही एक मर्यादा आहे. ती मार्ग दाखवू शकते. हक्क देऊ शकत नाही. देणगी आटली की दवाखाना बंद होतो. मुलाची भूक मात्र देणगीची वाट पाहत नाही.

बाबासाहेबांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी स्त्रियांना प्रसूतीच्या काळात वेतनासह विश्रांती देणारे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याचा पुरस्कार केला. बाळंतिणीची विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून राष्ट्रहिताची बाब आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात जनतेचे पोषण सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांत गणले गेले. २००१ साली धान्याची कोठारे भरलेली असताना माणसे उपाशी मरत होती. तेव्हा पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने अंगणवाडीचा आहार व शाळेतील भोजन ही योजना न राहता हक्क झाली. २००४ साली न्यायालयाने सांगितले की, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत अंगणवाड्या अग्रक्रमाने उघडाव्यात, आणि शाळेत स्वयंपाक करणाऱ्यांच्या नेमणुकीत दलितांना प्राधान्य द्यावे. हा आदेश का द्यावा लागला, हे आपणास सांगावयास नको. अंगणवाडी सवर्णांच्या आळीत असली म्हणजे आपले मूल दारातच थबकते, हे आपण जाणता. २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा झाला आणि सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाचा मोफत आहाराचा हक्क कायद्यात लिहिला गेला.

मात्र हक्काची पुन्हा दया कशी होते, तेही पाहा. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने शाळेच्या भोजनात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी थांबविला व अंडी द्यावयाची तर लोकवर्गणीतून द्यावीत, असे शाळांना कळविले. कालपर्यंत जे हक्काचे होते, ते आज वर्गणीचे झाले! गरीब गावाने वर्गणी कोठून आणावी?

आता कठोर असे दोन शब्द आपल्यालाच. धर्मांतर केले, देव्हारे काढले. पण पहिल्या दुधाचा चीक अशुद्ध म्हणून पिळून टाकण्याची चाल आपल्या घरांतून गेली काय? मूल मोठे होऊन अडेल म्हणून गरोदर सुनेला अर्धपोटी ठेवणे, मुलीला सर्वांच्या मागून ताट वाढणे, कोवळ्या वयात तिचे लग्न लावणे, हे कोणत्या धम्मात बसते? चीक हे बाळाचे पहिले संरक्षण आहे. जन्मल्यापासून तासाभरात त्याला अंगावर घ्यावे, सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, आणि त्यानंतर दुधाबरोबरच वरण, भात, भाजी, अंडे असे मऊ अन्न सुरू करावे. यास पैसा थोडा लागतो. अंधश्रद्धा सोडण्याचे धैर्य अधिक लागते.

म्हणून माझी विनंती अशी. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील सहा वर्षांखालील मुलांची यादी करावी. त्यांचे वजन दरमहा अंगणवाडीत होते की केवळ कागदावर, हे जाऊन पाहावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर एक दिवसही न दवडता त्याला सरकारी दवाखान्यात न्यावे. आणि वस्तीत अंगणवाडी नसेल, तर १३ डिसेंबर २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश पुढे ठेवावा: ग्रामीण वस्तीत सहा वर्षांखालील चाळीस मुले असली, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळण्याचा त्या वस्तीला हक्क आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि तो अर्ज हात जोडून नव्हे, ताठ मानेने द्या.

चवदार तळ्याचे पाणी आपण तहान भागविण्यापुरते प्यालो नव्हतो. माणूस म्हणून प्यालो होतो. आपल्या मुलाच्या ताटातील घासही त्याच पाण्यासारखा आहे. तो भीक म्हणून घेऊ नका आणि हक्क म्हणून सोडू नका.

जय भीम!