अल्प पैशांत खर्जाची गिटार



वसंत व्याख्यानमालेत गिटारीवर व्याख्यान, आणि तेही अंजनगाव सुर्जीत, हे ऐकून कित्येकांना नवल वाटले असेल. या जिल्ह्यात वाद्य म्हटले की आधी खंजिरी आठवते. यावलीस जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) एवढ्याशा खंजिरीवर गावेच्या गावे जागी केली. वाद्याची थोरवी किमतीवर नसते, हे वऱ्हाडाला निराळे सांगावयास नको. परंतु आज आपल्याच घरांतील मुलेमुली बेस गिटार मागतात, आणि ती पानमळ्याच्या नाहीतर पानपिंपरीच्या पैशांतून घ्यावयाची असते. तेव्हा पैसा कोठे घालावा व कोठे राखावा, एवढाच विचार आज आपण करू.

तंबोऱ्यात खर्जाची तार, तबल्याशेजारी डग्गा, तशी वाद्यवृंदात बेस. पूर्वी हे काम माणसाहून उंच अशा बिनपडद्याच्या डबल बेसकडे असे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवावयाची विजेची बेस बाजारात आणली. तिला पडदे असल्याने बोट नेमक्या स्वरावर पडे; म्हणून तिचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा. तिला चार तारा असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ आंदोलने देते. इतका खालचा स्वर हवा तर तार जाड आणि लांब हवी. म्हणून तारेची लांबी बहुधा ३४ इंच असते. हात लहान असेल तर ३० इंचांची घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

आता परीक्षा. रंग, चकाकी आणि नाव यांकडे शेवटी पाहावे. प्रथम दांडी पाहावी. एकच तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकदम दाबावी. मध्यावर तार व पडदा यांत अगदी थोडी फट दिसली तर दांडी ठीक. थोडा बाक असला तरी आतील लोखंडी सळई फिरवून कारागीर तो काढतो; पिळलेली दांडी मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नये. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून खरखर ऐकावी. बाराव्या पडद्याशी तार निम्मी होते, म्हणून तेथे मोकळ्या तारेचाच स्वर एक सप्तक वर बोलला पाहिजे. थोडा फरक घोडीवरील स्क्रूने जातो. स्वर लावून पाव तास थांबावे. खुंट्या सैल असतील तर लगेच कळते. ही परीक्षा जुन्या वाद्याचीही होते, आणि चांगले जुने वाद्य हे वाईट नव्याहून केव्हाही बरे.

शंभर रुपयांतले वीस-पंचवीस रुपये तारा, केबल, पिशवी आणि कारागिराची मजुरी यांसाठी बाजूला ठेवावेत. मोठा ध्वनिवर्धक आरंभी नको. कानाला लावावयाचा साधा हेडफोन आणि त्याला जोडणारे लहान यंत्र यांवर सराव होतो, शेजारीही सुखाने झोपतात. साध्या गिटारीच्या लहान ध्वनिवर्धकावर मात्र बेस मोठ्याने वाजवू नये. त्याचा पडदा फाटण्याचा संभव असतो. आणि आपल्याकडील वैशाखात वाद्य पत्र्याखाली किंवा बंद मोटारीत ठेवू नये, लाकूड वाकते.

एवढा काथ्याकूट कशासाठी? तारा पडद्यापासून फार उंच असल्या, की शिकणाऱ्याची बोटे सोलतात आणि स्वरही चुकतो. मुलगी समजते, आपल्यालाच सूर नाही. वडील समजतात, पैसे पाण्यात गेले. वस्तुतः सूर वाद्यालाच नसतो. पण ते सांगावयास जवळ कोणी नसते, आणि वाद्य माळ्यावर जाते. म्हणून खरेदीला जाताना स्वरज्ञान असलेला एखादा जाणता माणूस बरोबर न्यावा. आपल्या भजनी मंडळातील पेटीवाला असला तरी पुरे. बाराव्या पडद्याचा स्वर त्याच्या कानाला बरोबर कळेल.