मुलींचा खेळ आणि मोठ्यांची जबाबदारी

(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



खेळाचे बक्षीस घ्यायला पाचवी-सहावीच्या मुली व्यासपीठावर पळत येतात. नववी-दहावीच्या वर्गाची पाळी आली की ही रांग आखूड होते. मधल्या चार वर्षांत या मुली कुठे गेल्या? त्यांचे पाय तर तेच आहेत! या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी आपल्यापुढे एका दूरच्या देशाचे उदाहरण ठेवणार आहे. ऑस्ट्रेलियातील नेटबॉलच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचा २०१७ सालचा पहिला हंगाम, हे ते उदाहरण.

नेटबॉल आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये बास्केटबॉलपासून हा खेळ घडला आणि मुलींच्या शाळा-महाविद्यालयांतून जगभर गेला. आपल्या देशाचा संघही २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो खेळला आहे. प्रत्येक बाजूला सात खेळाडू असतात. कडे दहा फूट उंचीवर असते आणि त्यामागे फळी नसते. चेंडू हातात घेऊन पळता येत नाही. तीन सेकंदांच्या आत तो दुसरीकडे द्यावाच लागतो. प्रत्येकीचा वावरण्याचा भाग ठरलेला असतो आणि सातांपैकी दोघींनाच गोल करण्याची मुभा असते. थोडक्यात, एकटीने चमकण्याची सोयच या खेळात नाही. बाकीच्या पाचजणींनी चेंडू पोहोचवला नाही, तर सर्वांत कुशल मुलगीही कड्याखाली रिकाम्या हाताने उभी राहील.

२००८ पासून २०१६ पर्यंत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन देशांची मिळून एक स्पर्धा होत असे. ती संपल्यावर ऑस्ट्रेलियाने आठ संघांची स्वतंत्र स्पर्धा उभी केली. पाच संघ जुने, तीन नवे. त्या नव्यांपैकी सनशाइन कोस्ट लाइटनिंग या संघाची हकिकत आपण शिक्षणसंस्थेच्या माणसांनी विशेष ऐकण्यासारखी आहे. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरचे एक विद्यापीठ आणि मेलबर्नचा एक रग्बी क्लब यांनी मिळून हा संघ काढला. त्याचे घरचे मैदान विद्यापीठाच्या आवारातच होते. प्रशिक्षक नोलीन टाउरुआ न्यूझीलंडच्या, कर्णधार जीवा मेंटर इंग्लंडच्या, बचावपटू कार्ला प्रिटोरियस दक्षिण आफ्रिकेच्या आणि उंचापुऱ्या गोलपटू केटलिन बॅसेट ऑस्ट्रेलियाच्या. चार देशांच्या या स्त्रिया एका लहानशा विद्यापीठाच्या मैदानावर एकत्र आल्या.

साखळी सामन्यांत पहिला क्रमांक मेलबर्न व्हिक्सन्स या जुन्या संघाने मिळवला. पण १७ जून २०१७ रोजी ब्रिस्बेन येथे झालेल्या अंतिम सामन्यात लाइटनिंगने जायंट्स या दुसऱ्या नव्या संघाचा ६५–४८ असा पराभव केला. दोन वर्षांपूर्वी जो संघ अस्तित्वातच नव्हता, तो पहिल्याच हंगामात विजेता ठरला आणि पुढच्या वर्षी, २०१८ मध्येही त्याने विजेतेपद राखले.

टाळ्या विजयाला मिळतात. मला मात्र त्या विजयाआधी कागदावर झालेला एक करार अधिक मोलाचा वाटतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी खेळाडूंची संघटना आणि चालक यांनी ठरवले की, खेळाडूचे किमान वार्षिक वेतन १३,२५० डॉलरवरून २७,३७५ डॉलर करावे. दुखापतीमुळे किंवा गर्भारपणामुळे खेळता आले नाही, तर दोन वर्षांपर्यंत तिच्या मिळकतीचे संरक्षण व्हावे. बाळ वर्षाचे होईपर्यंत ते बाळ आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांना खेळाडूसोबत प्रवास करता यावा आणि तो खर्च तिच्यावर पडू नये. माता-भगिनींनो, याचा अर्थ लक्षात घ्या. तुला खेळायचे असेल तर संसार सोड, असे तिला कोणी म्हटले नाही. तिच्या संसाराची अडचण ओळखून व्यवस्थाच बदलली.

व्यवस्था मागे हटली म्हणजे काय होते, तेही त्याच स्पर्धेत दिसले. २०१७ सालच्या तीन नव्या संघांपैकी तिसरा कॉलिंगवूडचा. त्याच्यामागे फुटबॉलचा एक नामांकित आणि धनवान क्लब होता. २०२३ च्या हंगामानंतर क्लबने संघ बंद केला. खेळाडूंचे कौशल्य एका रात्रीत नाहीसे झाले नव्हते. पाठीशी उभे राहणारे निघून गेले होते. २०२४ मध्ये मेलबर्न मॅव्हरिक्स हा नवा संघ त्या जागी आला, म्हणून आठ हा आकडा कायम राहिला.

आता आपल्या मुलींकडे वळू. त्यांच्या अंगी हौस नाही असे नाही. सातवीनंतर मैदानावरून त्यांना आपणच हळूहळू बाजूला करतो. शाळा सुटल्यावर उशीर होतो, घरी धाकट्यांना सांभाळायचे असते, वाटेत सोबत नसते, कपडे बदलायला खोली नसते. पालकांच्या या अडचणी खऱ्या आहेत; त्यांना कोणी हसू नये. पण त्यांतील प्रत्येक अडचण माणसांनी मनावर घेतले तर सुटणारी आहे. संस्थेने एक खोली द्यावी आणि एक शिक्षिका मैदानावर ठेवावी. एका मोहल्ल्यातल्या मुलींनी एकत्र घरी जावे. अब्बांनी आठवड्यातून दोन दिवस, एक तास, मुलीची वाट पाहण्याची तयारी ठेवावी. धाकट्या भावाला त्या तासापुरते मोठ्या भावाने सांभाळले तर त्याचे काही बिघडणार नाही.

खेळाने अभ्यास बुडतो, असे म्हणणाऱ्यांनी विद्यापीठाच्या आवारात घडलेला तो संघ आठवावा. तिथे ग्रंथालय आणि मैदान एकाच कुंपणात होते.

आणि मुलींनो, तुम्हांला एवढेच सांगतो: चेंडू हाती आला तर तो धरून बसू नका. पुढे द्या. तुमच्यामागून येणाऱ्या सहावीतल्या मुलीला तो हवा आहे.