तयारी ४८ तासांच्या खेळाची



‘हौशी’ या शब्दाला महाराष्ट्रात प्रतिष्ठा आहे. दिवसभर कचेरीत किंवा शाळेत काम करून रात्री तालमी करणाऱ्या मंडळींनी राज्य नाट्यस्पर्धेची परंपरा जोपासली. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता प्रयोग नेटका व्हावा म्हणून खपणे, ही हौशी कलावंताची खूण होय. संगणकावरील खेळ स्वतः तयार करणाऱ्यांचा असाच एक हौशी वर्ग गेल्या दोन-अडीच दशकांत जगभर उदयास आला आहे. त्यांच्या स्पर्धांचे स्वरूप आणि त्यांत उतरू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने करावयाची पूर्वतयारी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या स्पर्धांपैकी ‘लुडम डेअर’ ही एक जुनी व नामांकित स्पर्धा होय. ती २००२ साली सुरू झाली. तिच्या मूळ विभागाचे नियम कडक राहिले आहेत. विषय स्पर्धकांच्या मतदानाने निवडला जातो आणि प्रारंभाच्या क्षणीच जाहीर होतो. तेथून ४८ तासांत स्पर्धकाने एकट्याने खेळ पूर्ण करावयाचा. चित्रे आणि ध्वनीदेखील याच अवधीत स्वतः तयार करावयाचे. आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला ठेवावयाचा. गटाने काम करणाऱ्यांसाठी ७२ तासांचा, काहीशा सैल नियमांचा वेगळा विभाग ठेवण्यात आला. येथे रोख बक्षीस नाही. स्पर्धकच एकमेकांचे खेळ खेळून त्यांना गुण देतात.

२०१२ साली सुरू झालेल्या ‘जेएस१३के’ या स्पर्धेत बंधन वेगळे आहे. तेथे १३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर असा महिनाभराचा अवधी मिळतो. परंतु संपूर्ण खेळ दाबून लहान केल्यावर १३ किलोबाइटांत, म्हणजे १३,३१२ बाइटांत, बसला पाहिजे. भ्रमणध्वनीवर काढलेले एखादे साधे छायाचित्रही याच्या कित्येक पटींनी मोठे असते. एका स्पर्धेत वेळेची मर्यादा, तर दुसरीत आकाराची. काय करावयाचे नाही, हे ठरविण्याची क्षमता दोन्ही ठिकाणी पणाला लागते. पूर्वतयारी मुख्यतः याच क्षमतेची करावयाची आहे.

४८ तासांचा हिशोब मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. दोन रात्रींच्या झोपेचे १४ तास आणि जेवण, स्नान व विश्रांती यांचे ६ तास वजा केले, तर २८ तास उरतात. शेवटचे ४ तास तपासणी व खेळ सादर करण्यासाठी राखून ठेवावेत. म्हणजे प्रत्यक्ष निर्मितीसाठी २४ तासच हाती राहतात. या २४ तासांत न मावणारी कल्पना कितीही भव्य असली तरी तिचा खेळ अपुरा राहतो, आणि अपुरा खेळ कोणालाही खेळता येत नाही. पहिल्याच प्रयत्नात असे अपयश आलेला विद्यार्थी ‘हे आपले काम नव्हे’ असा ग्रह करून घेतो. वास्तविक उणीव बहुधा बुद्धीची नसते, तयारीची असते. म्हणूनच शिक्षकाचे मार्गदर्शन येथे मोलाचे ठरते.

तयारीची पहिली बाब साधनांची. विद्यार्थ्याला जी संगणकीय भाषा अवगत आहे तीच वापरावी. स्पर्धेच्या दिवशी नवी भाषा शिकू नये. पायथन भाषा व तिच्या जोडीला पायगेम, किंवा २०१४ पासून खुले असलेले गोडो, ही साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. स्पर्धेपूर्वी लिहिलेला पायाभूत मजकूर वापरावयाचा असल्यास त्याबाबतचा नियम वाचावा आणि तसे उघडपणे नमूद करावे. हा प्रामाणिकपणाही शिक्षणाचाच भाग आहे.

दुसरी बाब सांगाड्याची. संगणकावरील बहुतेक चलत् खेळांत तीन क्रिया अखंड चालू असतात : खेळाडूने दाबलेली कळ ओळखणे, त्यानुसार खेळातील स्थिती बदलणे आणि नवे चित्र पडद्यावर उमटविणे. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलावयाचे असेल, तर प्रत्येक फेरीसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एक आकृती हलविणे, दोन आकृतींची टक्कर ओळखणे, गुण मोजणे, आरंभाचा व समाप्तीचा पडदा दाखविणे, एवढे विद्यार्थ्याला पुस्तक न उघडता लिहिता आले पाहिजे. ध्वनीसाठी ‘एसएफएक्सआर’ हे छोटे साधन उपयोगी पडते. डिसेंबर २००७ च्या लुडम डेअरच्या निमित्ताने, स्पर्धकांना झटपट आवाज तयार करता यावेत म्हणूनच ते निर्माण झाले.

तिसरी बाब कल्पनेच्या निवडीची. विषय जाहीर होताच सुचलेली पहिली कल्पना इतर अनेकांनाही सुचलेली असते. म्हणून निदान पाच कल्पना कागदावर लिहाव्यात आणि एका वाक्यात सांगता येईल अशी एक निवडावी. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘उत्क्रांती’ या विषयावर निकोला कानास यांनी ‘इव्होलँड’ हा खेळ केला. खेळाडू जसजसा पुढे जातो तसतसे खेळाचे रूपच जुन्या काळातून नव्या काळात प्रगत होत जाते, एवढीच त्यातील कल्पना. तो खेळ अव्वल ठरला आणि २०१३ साली विस्तृत स्वरूपात विक्रीसही आला. कल्पना ठरल्यावर प्रथम साध्या चौकोनांनीच खेळता येईल असा आराखडा पहिल्या रात्रीपूर्वी उभा करावा. रंग व सजावट त्यानंतर.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची बाब तालमीची. एखाद्या रविवारी शिक्षकांनी सकाळी विषय द्यावा आणि सायंकाळी खेळ मागून घ्यावा. तो दुसऱ्या संगणकावर चालतो का, हे पाहावे. मग नवख्या मुलाला तो खेळावयास द्यावा आणि निर्मात्याने गप्प बसून निरीक्षण करावे. मूल जेथे अडखळते तेथे दुरुस्ती हवी. अशा दोन-तीन तालमी झाल्या की कल्पना आपोआप आटोपशीर होऊ लागतात.

शेवटी व्यवस्थेचा प्रश्न. रविवारी संगणक कक्षाची किल्ली कोणाकडे असेल, वीज गेल्यास काय करावयाचे, केलेल्या कामाची प्रत दर तासाला दुसरीकडे ठेवली जाते की नाही, खेळ पाठविण्याच्या वेळी इंटरनेटची जोडणी कोठे मिळेल, परदेशी घड्याळानुसार जाहीर झालेली मुदत भारतीय वेळेत केव्हा संपते, मुलींना वेळेवर घरी पोहोचविण्याची जबाबदारी कोण घेईल, हे प्रश्न अगोदर सुटलेले असावेत. शाळा व पंचायतीने मिळून एवढे केले तरी पुष्कळ साधेल. यासाठी महागडी यंत्रसामग्री नको. शाळेतील साधा संगणकही पुरतो.

निकाल लागेपर्यंत इतरांचे खेळ खेळून त्यांवर अभिप्राय देण्याची सवयही विद्यार्थ्यांना लावावी. क्रमांक आला नाही तरी परक्या देशातील एखाद्या अनोळखी व्यक्तीने आपला खेळ शेवटपर्यंत खेळला, हे कळल्यावर मुलाला येणारा हुरूप मोठा असतो. तो त्याच्या वाट्याला यावा, यासाठी येत्या सुटीत प्रत्येक शाळेने निदान एक तालीम घेऊन पाहावी.