फोनवरून मनाचा इलाज



आमच्या किल्लारीत गणपतीचं विसर्जन झालं की वातावरण वेगळंच होतं. मिरवणूक संपते, गुलाल धुतला जातो, पोरं झोपी जातात. वयस्क माणसं मात्र जागी असतात. कुणी ओट्यावर बसून राहतं, कुणी उगाच गोठ्यात चक्कर मारतं. कारण १९९३ साली अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून आलेलं गाव गाढ झोपलं होतं, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी आमची घरं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. त्या पहाटे तीच माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. बावन्न गावं पूर्णपणे उठवून नव्या जागी वसवावी लागली.

मी तेव्हा लातूरला शिकायला होते, म्हणून वाचले. माझा थोरला भाऊ वाचला, वहिनी वाचली. आई गेली आणि दादाची दोन वर्षांची लेक गेली.

दादाला पुढं दोन मुलं झाली. नवं घर मिळालं, शेती सावरली. पण छताखाली तो कधी निवांत झोपला नाही. बारा महिने खाट बाहेर. पाऊस आला तर पत्र्याच्या शेडमध्ये. आम्ही त्याला सवय म्हणायचो. तो त्याचा स्वभाव झालाय, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

मनाचं नुकसान कुणाच्या लक्षातच आलं नाही असं नाही. भूकंपानंतर मनोविकारतज्ज्ञ या भागात आले होते. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्यानं, भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यासही झाला. नटाचा चेहरा म्हणून ज्यांना आपण ओळखतो, तेच हे डॉक्टर. पण पंचनाम्यात पडलेली भिंत लिहिता येते. उडालेल्या झोपेला तिथं रकाना नव्हता, आणि आमच्या घरानं ती कुणाला सांगितलीही नाही.

मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडं भूकंपाचा धक्का बसला. नांदेड, परभणीपर्यंत जाणवला. आमच्या घरात काही हललं नाही, फक्त मोबाइलवर बातमी आली. त्या दिवसापासून दादाचं जेवण तुटलं. ट्रॅक्टर गेला तरी दचकायचा. वहिनी घरात स्वयंपाक करत असली की दर पाच मिनिटांनी हाक मारायचा, "बाहेर ये गं." एका रात्री त्यानं नातवाला झोपेतून उचलून अंगणात आणलं. पोरगं घाबरून रडलं, आणि ते बघून दादाही रडला. तेव्हा कुठं आमचे डोळे उघडले.

लातूर चाळीसेक किलोमीटर. तिथं शासकीय रुग्णालय आहे, खासगी मनोविकारतज्ज्ञही आहेत. पण जायचं म्हणजे एक दिवस मोडतो, आणि दादाचा खरा प्रश्न वेगळाच होता. "मला काय येड लागलंय का? तिथल्या बाकड्यावर कुणी बघितलं तर?" पुण्यात नोकरी करणारा त्याचा मुलगा म्हणाला, "आत्या, हल्ली हे सगळं फोनवर होतं."

होतं, हे खरं. पण कसं होतं, ते आम्ही ठेच लागून शिकलो. मोबाइलवर एक जाहिरात दिसली. बारा बैठकांचे पैसे आगाऊ भरले. समोरचे गृहस्थ गोड बोलायचे. दादा दोन वाक्यं बोलला की ते वीस वाक्यं बोलायचे, सकारात्मक विचार करा म्हणायचे. तिसऱ्या बैठकीला त्यांना दादाचं नावही आठवत नव्हतं. शिक्षण विचारलं तर उत्तर आलं, "अनुभव महत्त्वाचा." पैसे परत मिळाले नाहीत. पैशापेक्षा मोठं नुकसान असं झालं की दादा म्हणाला, "बघितलं ना? माझ्यावर इलाज नाही."

म्हणून पहिली गोष्ट सांगते. फोन लावण्याआधी पलीकडचा माणूस कोण आहे, हे विचारून घ्या. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. औषध तोच लिहून देऊ शकतो, आणि त्याची वैद्यकीय परिषदेकडं नोंदणी असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत. बोलण्यातून, ठरावीक पद्धतींनी उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते. समुपदेशक हा तिसरा. त्यांच्यात अतिशय चांगली माणसं आहेत, पण ही पाटी कुणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण कुठं झालं हे विचारणं आलंच. विचारलेलं ज्यांना आवडत नाही, त्यांच्याकडं जाऊ नये. डॉक्टरांनी फोनवरून उपचार कसे करावेत याचे नियम केंद्र सरकारनं मार्च २०२० मध्ये जाहीर केले. त्यानुसार डॉक्टरनं आपली ओळख आणि नोंदणी क्रमांक सांगायला हवा. तेव्हा विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

दुसरी गोष्ट, पैसे एका बैठकीचे भरा. बैठक किती मिनिटांची, फोन मध्येच तुटला तर काय, आणि रात्री-अपरात्री त्रास वाढला तर कुणाला सांगायचं, ही उत्तरं आधीच घ्या.

आम्ही पुढं काय केलं? शाळेतल्या एका सहकाऱ्यानं 'टेलि-मानस'चा नंबर दिला. १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्यदिनी सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिच्या मध्यवर्ती आहे. फोन चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, आणि भाषा निवडायला सांगतात, त्यात मराठी आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर पुढं तज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या रुग्णालयाची वाट दाखवतात. साधा बटणांचा फोन पुरतो, हे खेड्यातल्या माणसासाठी फार महत्त्वाचं आहे.

पहिला फोन मीच लावला. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. दादा "हां, हूं" पलीकडं गेला नाही, तरी त्या रागावल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, एकदा डॉक्टरांना समक्ष दाखवा, घाबरायचं कारण नाही. एका अनोळखी आवाजानं सांगितलं ते दादानं ऐकलं. आम्ही इतकी वर्षं सांगत होतो, ते ऐकलं नव्हतं.

लातूरला डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब बघितला, थोडं औषध दिलं आणि बोलण्याच्या उपचारासाठी एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडं पाठवलं. पहिल्या दोन भेटी समोरासमोर झाल्या. मग त्याच म्हणाल्या, दर आठवड्याला येणं जमणार नाही, आपण फोनवर बोलू. महिन्यातून एकदा या. ही सरमिसळ दादाला मानवली. एकदा चेहरा बघितला होता, म्हणून नंतर आवाजावर विश्वास बसला.

पण फोन सगळ्यांनाच मानवतो असं नाही. तो आपल्याला मानवेल का, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी जागा बघा. पुनर्वसनाची आमची घरं लहान. एका खोलीत बोललेलं दुसरीत ऐकू येतं. सून घरात असताना सासऱ्यानं मन कसं मोकळं करायचं? दादानं उपाय काढला. बैठकीच्या वेळी तो शेतातल्या लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसतो. तिथं रेंजही बरी मिळते. ज्या बाईला नवऱ्याचाच जाच आहे आणि फोनही त्याच्याच हातात आहे, तिच्यासाठी मात्र घरातून केलेला फोन धोक्याचा ठरू शकतो. तिनं दवाखान्यात किंवा माहेरी जाऊन बोललेलं बरं.

मग कान आणि भाषा. ऐकायला कमी येत असेल तर फोन नको. भाषा आपली हवी. "जीव कासावीस होतो", "काळजात धस्स होतं" हे ज्याला समजावून सांगावं लागतं, त्याच्यापाशी मन उघडत नाही. आणि गप्प बसण्याची अडचण असते. समोरासमोर माणूस गप्प बसला तरी त्याचे डोळे बोलतात. फोनवर गप्प बसलं की वाटतं लाइन तुटली. दादाच्या बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, "तुम्ही गप्प बसलात तरी मी इथंच आहे." हे एक वाक्य त्याच्या फार कामी आलं.

उलट काहींना फोनच सोपा जातो. चेहरा दिसत नाही म्हणून लाज कमी वाटते. कॉलेजातली मुलं, बाळंतीण, अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणारी माणसं, परगावी कामाला गेलेली पोरं, यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. तीन-चार बैठका करून बघा. पहिल्या बैठकीनंतर थकवा येईल, रडू येईल, ते चालतं. पण चौथ्या बैठकीनंतरही आपलं कुणी ऐकतंय असं वाटलं नाही, तर तसं स्पष्ट सांगा आणि माणूस बदला. डॉक्टर बदलला म्हणजे आपण बेइमान झालो, असं मानू नका.

आता फोनवर भागत नाही ते. कुणी जीव द्यायची भाषा करत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवा, आणि थेट दवाखाना गाठा. वाटेत १४४१६ लावा, पण फोन लावला म्हणून घरी बसून राहू नका. कानात आवाज येणं, भलतेच संशय येणं, खाणंपिणं सुटणं, दारू एकदम तोडल्यावर हातपाय कापणं किंवा भ्रम होणं, यांत समक्ष तपासणी हवीच. काही औषधांसाठी वेळोवेळी रक्त तपासावं लागतं. सवय लागणारी बरीचशी औषधं फोनवरून लिहून देण्यावर बंधनं आहेत. तेव्हा "नुसती झोपेची गोळी सांगा" असा हट्ट धरू नये.

आणि गुपिताचं काय? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे, तो २०१८ पासून लागू झाला. आजाराची माहिती गुप्त राहणं हा त्यानुसार रुग्णाचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तर याला अपवाद असतो, तोही आधी समजून घ्यावा. पण गावात गुपित डॉक्टरपेक्षा नातेवाइकच जास्त फोडतात. दादाच्या बैठकीत काय झालं, हे मी त्याला कधी विचारत नाही.

राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. अशा ठिकाणी फोन ही मोठी गोष्ट आहे. पण फोन आला म्हणून जिल्ह्यात तज्ज्ञ नकोत, असा अर्थ कुणी काढू नये. दादाला फोन मानवला, कारण फोनच्या मागं लातूरचा दवाखाना होता.

२०२५ च्या विसर्जनाच्या रात्री मी दादाकडंच होते. खाट अजून बाहेरच आहे. डॉक्टर म्हणतात, राहू द्या, घाई नको. त्या रात्री आम्ही अंगणात बसलो होतो. दादा सहज म्हणाला, "आज ती चौतीस वर्षांची असती." मग त्यानं तिचं नाव घेतलं. बत्तीस वर्षांत आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. वहिनीनं पदर डोळ्याला लावला, आणि मग तीही बोलायला लागली. लेक कशी चालायची, काय मागायची. पहाटेचे चार कधी वाजून गेले, ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)