घरांतील वृद्ध आणि पुंडलीकाची वीट



वृद्धांच्या सेवेविषयीं बोलावयाचें ठरलें म्हणजे मराठी वक्त्याला दृष्टांतासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. पंढरपूर जवळच आहे. चंद्रभागेच्या पात्रांत पुंडलीकाचें देऊळ आहे. नदीला पूर आला कीं तें पाण्यानें वेढून जातें. वारकरी आधीं चंद्रभागेंत स्नान करतो, पुंडलीकाला नमस्कार करतो आणि मग महाद्वाराची वाट धरतो. वारीच्या जयघोषांतसुद्धां विठ्ठलाच्या आधीं पुंडलीकाचें नांव येतें. देवाच्या अगोदर भक्ताला मान. आणि तो मान कोणत्या तपश्चर्येबद्दल, तर आईबापांचे पाय चेपल्याबद्दल.

ही कथा आपणांस इतकी पाठ आहे कीं ती आपण आतां ऐकतच नाहीं, असें मला पुष्कळदां वाटतें. पुंडलीक प्रथम आईबापांशीं दुष्टपणानें वागे. काशीच्या वाटेवर आपण व बायको घोड्यावर आणि म्हातारीं माणसें पायीं, असा प्रसंग कीर्तनकार मोठ्या रंगानें उभा करतात. पुढें कुक्कुट ऋषींच्या आश्रमांत त्याचे डोळे उघडले. तो घरीं परतला व सेवेला लागला. ती सेवा चालू असतां देव दाराशीं आला. पुंडलीकानें वीट फेंकली, देवाला तिच्यावर उभें राहावयास सांगितलें आणि हातांतलें काम सोडलें नाहीं.

शाळेंत ही गोष्ट सांगत असतां एका चुणचुणीत मुलीनें मला विचारलें होतें, "गुरुजी, देव आला तेव्हां पुंडलीकाची बायको कोठें होती?" वर्ग हंसला, मला मात्र प्रश्न मोलाचा वाटला. कथेच्या पहिल्या भागांत, जेथें आईबापांची हेळसांड आहे, तेथें बायको आहे. अपराधाच्या वांट्यांत तिला घ्यावयास कथाकार विसरले नाहींत! सेवेच्या भागांत ती कोठें दिसत नाहीं. पाय पुंडलीकानें स्वतः चेपले. "अग, जरा बाबांकडे बघ, बाहेर कोणी आलें आहे," असें सांगून तो देवाच्या भेटीला गेला नाहीं. आमच्या घरांतून नेमकें हेंच होत असतें.

एखादें सुखवस्तु घर डोळ्यांपुढें आणा. सासऱ्यांना पक्षाघात झालेला आहे. मुलगा कर्तव्यदक्ष आहे, औषधांचीं बिलें तो भरतो, मोठ्या डॉक्टरांकडे नेतो, आणि सकाळीं कचेरीस जाण्यापूर्वीं "बाबा, बरें वाटतें ना?" म्हणून दारांतून विचारतो. अंग पुसणें, भांडें देणें, मऊ भात कालवून भरविणें, पाठीस जखमा होऊं नयेत म्हणून दर दोन तासांनीं कुशीवर वळविणें, त्यासाठीं रात्रीं पुनःपुन्हां उठणें, हें सारें सुनेकडे. त्या म्हाताऱ्याच्या मनाचा तरी विचार करा! ज्या मुलीला त्यांनीं माप ओलांडून घरांत घेतलें, तिच्यापुढें उघडें पडण्याची लाज त्यांना मरणाहून अवघड वाटते. पुष्कळ म्हातारे पाणी कमी पितात तें ह्याचसाठीं, आणि मग त्यांतून मूत्राचे विकार उद्भवतात. एवढें होऊन नातेवाइकांच्या मेळाव्यांत श्रावणबाळ म्हणून गौरव होतो तो मुलाचा. सून त्या वेळीं स्वयंपाकघरांत चहा गाळीत असते. अशीं घरें मीं एक नव्हे, अनेक पाहिलीं आहेत.

पूर्वीं हें ओझें इतकें लांबत नसे. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास येथील माणसाचें सरासरी आयुर्मान अवघें बत्तीस-तेहतीस वर्षांचें होतें. त्या हिशेबांत बालमृत्यूंचा भाग मोठा, हें खरें. आज तें सत्तरीच्या आसपास आलें आहे. २०११ सालच्या खानेसुमारींत साठ वर्षांचीं व त्यापुढील माणसें १० कोटी ३८ लाखांच्या घरांत भरलीं. सहस्रचंद्रदर्शन, म्हणजे हजार पौर्णिमा पाहिल्याचा सोहळा, एक्क्याऐंशीच्या सुमारास येतो. माझ्या लहानपणीं तो गांवांत कोणाकडे झाला तर चार गांवचे लोक त्या भाग्यवंताला पाहावयास येत. आतां एकेका आळींत वर्षाला दोन-दोन होतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु वाढलेल्या आयुष्याचीं शेवटचीं पांच-सात वर्षें अनेकदां परावलंबनाचीं असतात, आणि तेवढी दीर्घ शुश्रूषा एकट्या माणसाच्या अंगावर टाकली तर तें माणूस मोडतें. मोडलेल्या माणसाचा राग निघतो तो बिछान्यांतल्या माणसावर. वृद्धांच्या हालांच्या ज्या गोष्टी आपण कुजबुजत ऐकतों, त्यांतल्या कितीकांचें मूळ दुष्टपणांत नसून थकव्यांत असतें.

शुश्रूषेंत आणखी एका गोष्टीचा विसर पडतो. म्हाताऱ्या माणसाचा देव हा त्याच्या प्रकृतीचाच एक भाग असतो. वैद्य नाडी पाहतो, तसा घरच्यांनीं त्याचा नेम पाहिला पाहिजे. एकादशीचेंच उदाहरण घ्या. सत्तरीच्या आईला मधुमेह आहे, ती इन्सुलिन टोंचून घेते, आणि तिची पन्नास वर्षांची एकादशी आहे. जेवण न घेतां इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या कांहीं गोळ्या नेहमींप्रमाणें घेतल्या तर रक्तांतील साखर एकाएकीं उतरते. घाम सुटतो, हातपाय कांपतात, शुद्धहि जाते. उलट साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली तर तीच साखर भराभर चढते. येथें सुशिक्षित मुलगा आईवर ओरडतो, आणि भाविक मुलगा गप्प बसतो. दोघेहि चुकतात.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं ह्या अडचणीचा विचार केव्हांच करून ठेवला आहे. पंढरपूरच्याच काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनीं इ. स. १७९० च्या सुमारास 'धर्मसिंधु' रचला. तो जुन्या घरांतून आजहि आढळतो. अशा निबंधग्रंथांत एकादशीच्या उपवासाचा अधिकार आठ वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंत सांगितला आहे. ऐंशीच्या पुढें सक्ति नाहीं. ज्यांच्या सेवनानें व्रत मोडत नाहीं अशा गोष्टींत पाणी, फळें व दूध यांच्याबरोबर औषधाचीहि गणना आहे. आणि ज्याला उपवास झेपत नाहीं त्यानें प्रतिनिधीकडून करवावा, अशी सोय असून त्या प्रतिनिधींत पुत्र येतो. माझ्या परिचयाच्या एका बँकेंतील गृहस्थांनीं ही वाट धरली. "आई, तुझी एकादशी आजपासून माझ्याकडे; तूं भाकरी खा," असें त्यांनीं तिला ग्रंथ दाखवून सांगितलें. म्हातारीनें दोन महिने कुरकुर केली, मग मान्य केलें. आतां दर एकादशीला ती भाकरीचा घांस मोडतांना मुलाला विचारते, "भूक लागली का रे?" डॉक्टरांच्या दटावणीनें जें साधलें नव्हतें तें साधलें, आणि तिचा नेमहि शाबूत राहिला.

ह्याहून कठीण प्रसंग स्मृतिभ्रंशाचा. अल्झायमर ह्या जर्मन वैद्यानें १९०६ सालीं ज्या विकाराचें प्रथम वर्णन केलें, तो आज आपल्या गल्लीबोळांतून दिसूं लागला आहे. आम्ही त्याला 'म्हातारचळ' म्हणून मोकळे होतों. तो मेंदूचा रोग आहे, आणि त्यांतील विचित्र वागणुकीबद्दल रोग्याला बोल लावणें म्हणजे आंधळ्याला ठेंच लागल्याबद्दल रागें भरण्यासारखें आहे. ह्या विकारांत कालचें आज आठवत नाहीं. लहानपणीं तालासुरांत पाठ झालेलें मात्र पुष्कळ काळ टिकतें. माझ्या एका स्नेह्याच्या मातोश्री त्यांना ओळखीत नाहींशा झाल्या होत्या. "आपण कोणाकडचे?" असें त्या पोटच्या मुलाला आदरानें विचारीत. परंतु सायंकाळीं दिवा लावून हरिपाठाला आरंभ केला कीं त्यांचे ओठ हलूं लागत. कोणी मध्यें थांबलें तर पुढचें चरण त्याच पुरा करीत, आणि त्या अर्ध्या तासांत घरांतील सैरावैरा फिरणें, दार उघडून बाहेर पडणें, हें थांबे. माझ्या ह्या स्नेह्याचा देवाधर्मावर फारसा विश्वास नाहीं. तरीहि तो पांच वर्षें रोज झांजा घेऊन आईजवळ बसला. मला विचाराल तर ह्याहून मोठी उपासना मीं पाहिलेली नाहीं.

ह्याचा अर्थ असा नव्हे कीं प्रत्येक म्हाताऱ्याच्या गळ्यांत माळ घालावी. जन्मभर ज्यानें देवळाची पायरी चढली नाहीं त्याच्या उशाशीं केवळ वय झालें म्हणून पोथी लावणें हा त्याचा अपमान आहे. त्याला वर्तमानपत्र मोठ्यानें वाचून दाखवावें. अग्रलेख हीच त्याची पोथी असेल. मुद्दा इतकाच, कीं त्याचें जें कांहीं चाळीस-पन्नास वर्षें चालत आलें तें तुटूं देऊं नये. परदेशीं गेलेली मुलें दर रविवारीं पडद्यावर नातवंडांचीं तोंडें दाखवितात, तें चांगलेंच. पण त्याच वेळांत नातवानें एखादें पान वाचून दाखविलें तर त्या भेटीला कांहीं आकार येईल. नाहीं तर "जेवलांत का?" आणि "औषध घेतलें का?" एवढ्यावर संभाषण संपतें.

वडील मंडळींसहि एक शब्द सांगितला पाहिजे. मीहि त्याच पंगतींत बसलेला आहें. मनूनें वानप्रस्थाची वेळ सांगितली आहे: कातडीला सुरकुत्या पडल्या, केंस पिकले आणि मुलाचें मूल दिसलें म्हणजे गृहस्थानें अरण्याचा आश्रय करावा. अरण्य आतां कोणाच्या वांट्याला उरलें नाहीं. परंतु कपाटाच्या किल्ल्या, भाजीचा भाव आणि सुनेचें बाहेर जाणें-येणें, एवढ्यांतून वानप्रस्थ घेण्यास कोणाचीहि हरकत नाहीं. किल्ल्या दिल्या म्हणजे घरहि लिहून द्यावें, असें मात्र मी म्हणत नाहीं. मायेच्या भरांत सर्वस्व मुलांच्या नांवें करून उघड्यावर आलेलीं माणसें आपण पाहतों.

त्यांच्यासाठीं कायदा आहे. १९५६ सालच्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें वृद्ध आईबापांच्या पोषणाचा भार मुलाप्रमाणेंच मुलीवरहि टाकला. पुढें २००७ सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याखालीं उपविभागाच्या पातळीवर न्यायाधिकरणें आहेत. निर्वाहाच्या अर्जाचा निकाल नव्वद दिवसांत लागावा अशी तरतूद आहे, आणि मूळ कायद्याप्रमाणें महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह ठरवितां येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास परत मिळविण्याची वाटहि त्यांत आहे. म्हणून ती अट दस्तांत स्पष्ट लिहून घ्यावी. ह्या कायद्यांतली मला सर्वांत लक्षणीय वाटलेली गोष्ट निराळीच आहे. 'अपत्य' ह्या शब्दाच्या व्याख्येंत कायद्यानें मुलगा, मुलगी, नातू व नात यांचा उल्लेख केला आहे. सुनेचा केलेला नाहीं. तात्पर्य, पुंडलीकाच्या कथेंत जें आहे तेंच कायद्याच्या कलमांत आहे; फक्त आमच्या घरांत नाहीं.

ज्यांना परवडतें तीं घरें हल्लीं दिवसरात्र बाई ठेवतात. तिला मावशी म्हणतात. हा उपाय वाईट नाहीं, आणि ज्यांना कोणीच नाहीं त्यांना चांगल्या वृद्धाश्रमाचा आधार घ्यावा लागला तर नाक मुरडण्याचेंहि कारण नाहीं. पण ह्या मावशीची कधीं चौकशी केली आहे काय? पुष्कळदां ती दूरच्या खेड्यांतली असते. तिचीहि सासू गांवीं अंथरुणाला खिळलेली असते, आणि तिच्याजवळ दहा-बारा वर्षांची नात बसलेली असते, शाळा बुडवून. शहरांतल्या एका घराची सेवा अशी दुसऱ्या घरांतून उचलून आणलेली असते. तिचा पगार वेळेवर द्यावा, आठवड्याची सुटी द्यावी, हें सांगावयास नको. तरी सांगतों, कारण तें होत नाहीं.

आषाढीला तर तिला चार दिवसांची रजा पगारासह द्यावी. तिला वारीला जावयाचें असेल किंवा सासूजवळ बसावयाचें असेल, तो तिचा प्रश्न. त्या चार दिवसांत अंग पुसण्याचें, भांडें देण्याचें व रात्रीं उठण्याचें काम घरांतील पुरुषांनीं आपसांत वांटून घ्यावें. पहिल्या दिवशीं हात अडखळतील, तिसऱ्या दिवशीं वळण पडेल. आणि पाय चेपण्याचें काम चाललें असतां कोणी मोठे गृहस्थ भेटावयास आलेच, तर त्यांना ओसरीवरची खुर्ची दाखवून थोडें थांबावयास सांगण्यास हरकत नाहीं.